बुसरा कोंबडीचा वाण आणि त्याचे जतन

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर परिसर, धुळे जिल्ह्याचा त्याला लागून असलेला डोंगराळ भाग आणि सीमेपलीकडील दक्षिण गुजरात हा बुसरा कोंबडीचा मूळ प्रदेश होय. या भागातील आदिवासी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या ही कोंबडी आपल्या अंगणात पाळीत आली आहेत. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांच्या नावे तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. देशात अशा नोंदणीकृत जाती विसाच्या आसपास आहेत. आसील, कडकनाथ, निकोबारी, अंकलेश्वर, मिरी ही त्यांपैकी काही परिचित नावे.

बुसरा ही लहान ते मध्यम बांध्याची, सावध व चपळ कोंबडी आहे. वजन साधारणतः सव्वा किलोच्या आत राहते आणि वर्षाला ४० ते ५५ अंडी मिळतात. व्हाइट लेगहॉर्नपासून विकसित केलेली व्यापारी कोंबडी वर्षाला ३०० च्या घरात अंडी देते, हे लक्षात घेता बुसरा जपण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

अंड्यांच्या संख्येपलीकडील गुण

व्यापारी कोंबडीला समतोल खाद्य, पुरेशी वीज, ठरावीक तापमान आणि कडक रोगप्रतिबंध यांची जोड लागते. बुसरा सांडलेले धान्य, किडे व हिरवा पाला यांवर वाढते, घारीची चाहूल लागताच आडोसा शोधते आणि रात्री आपली जागा स्वतः गाठते. शिवाय ती खुडूक बसते. अधिक अंड्यांसाठी केलेल्या निवडीत व्यापारी कोंबडीचा हा स्वभाव जवळजवळ नाहीसा करण्यात आला, कारण खुडूक कोंबडी तितके दिवस अंडी देत नाही. परंतु ज्या पाड्यावर उबवणी यंत्र नाही, तेथे खुडूक कोंबडी हेच उबवणी यंत्र असते. तिच्या पंखांखाली १० ते १२ अंडी बसविली की २१ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात आणि त्यांचे संगोपनही तीच करते.

याहून महत्त्वाचा मुद्दा पुढील काळाचा आहे. उष्ण हवामानात तग धरण्याचे किंवा रोगांना तोंड देण्याचे गुण उद्याच्या संशोधकांना हवे असतील, तर ते अशा स्थानिक जातींतच शोधावे लागतील. इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने आसील व कडकनाथ या जातींचा उपयोग करून परसातील पालनासाठी सुधारित संकरित कोंबड्या तयार केल्या आहेत. मूळ जात शुद्ध राहिली तरच असे संकर पुन:पुन्हा करता येतात.

संख्या वाढते, वाण घटतो

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून अधिक कोंबड्या व अन्य पाळीव पक्षी आढळले. त्यांपैकी ३१ कोटींहून अधिक परसातील होते आणि त्यांची संख्या २०१२ च्या तुलनेत मोठ्या प्रमाणात वाढली होती. ही वाढ समाधानाची असली, तरी परसातील प्रत्येक कोंबडी मूळ देशी जातीचीच असते असे नाही. वनराजा, गिरिराजा यांसारख्या सुधारित कोंबड्या खेडोपाडी पोचल्या आहेत. त्यांनी कुटुंबांच्या आहारात व उत्पन्नात भर घातली, हे खरे. पण त्यांचे कोंबडे स्थानिक कळपात मोकळे फिरू लागले की काही पिढ्यांतच मूळ जातीची ओळख पुसट होते. अंगणातील कोंबड्यांची संख्या तीच राहते, किंबहुना वाढते. वाण मात्र हरवतो.

दुसरा धोका साथीचा. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतात बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव नवापूर येथे आढळला. रोग पसरू नये म्हणून व्यापारी शेडमधील तसेच घरोघरचे पक्षी मोठ्या संख्येने नष्ट करण्यात आले. २०२१ मध्ये नवापूर परिसरावर पुन्हा हीच आपत्ती ओढवली. माणसांच्या व उर्वरित पक्ष्यांच्या रक्षणासाठी ही कारवाई अटळ होती. तथापि, ज्या जातीचे मूळ स्थान एवढ्या लहान प्रदेशात सामावलेले आहे, तिचे सर्व कळप त्याच प्रदेशात असणे किती धोक्याचे आहे, याची जाणीव या दोन घटनांनी करून दिली.

तिसरा धोका अतिमागणीचा असून कडकनाथचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. मध्य प्रदेशातील झाबुआ भागातील या काळ्या मांसाच्या कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले व तिची कीर्ती दूरवर पसरली. मागणी वाढताच महाराष्ट्रातही पिल्ले चढ्या दराने विकणाऱ्या योजना निघाल्या आणि २०१९ मध्ये अशा व्यवहारांत फसवणूक झाल्याच्या तक्रारी अनेक शेतकऱ्यांनी केल्या. काळा रंग संकरित पिल्लांतही उतरतो. त्यामुळे केवळ रंगावरून शुद्धतेची खात्री देता येत नाही.

अंडे गोठवून ठेवता येत नाही

गाय-म्हशींच्या बाबतीत वीर्य व भ्रूण गोठवून वाणाचे जतन करता येते. पक्ष्यांच्या बाबतीत हा मार्ग अवघड आहे. मोठा बलक असलेले अंडे गोठवून पुन्हा उबवता येत नाही. कोंबड्याचे वीर्य गोठवता येते, पण त्यापासून फलधारणेचे प्रमाण कमी राहते. शिवाय पक्ष्यांमध्ये मादी ठरविणारे गुणसूत्र मादीकडूनच येते, म्हणून नुसत्या वीर्यातून संपूर्ण जात पुन्हा उभी करता येत नाही. भ्रूणातील आद्य जननपेशी गोठविण्याचे तंत्र विकसित झाले आहे, मात्र ते प्रगत प्रयोगशाळेचे काम होय. गावपातळीवर जिवंत कळप राखणे हाच खात्रीचा उपाय ठरतो.

कोंबड्यांची मोजणी कशी करावी

कळप राखताना सर्वांत मोठी चूक नरांच्या संख्येबाबत होते. पैदाशीच्या दृष्टीने कळपाची परिणामकारक संख्या काढण्याचे एक सोपे सूत्र आहे. नर व मादी यांच्या संख्यांचा गुणाकार करून त्याला ४ ने गुणावे आणि एकूण पक्ष्यांच्या संख्येने भागावे. एक कोंबडा व ४९ कोंबड्या असा ५० पक्ष्यांचा कळप असेल, तर उत्तर ४ पेक्षाही थोडे कमी येते. म्हणजे वाणाच्या दृष्टीने तो कळप जेमतेम चार पक्ष्यांचा होय. त्याच ५० पक्ष्यांत १० कोंबडे व ४० कोंबड्या असतील, तर उत्तर ३२ येते.

निकट नात्यातील पैदाशीचा वेग या उत्तरावर अवलंबून असतो. पहिल्या कळपात तो दर पिढीला सुमारे १३ टक्के, तर दुसऱ्यात दीड टक्क्याच्या जवळपास राहतो. हा वेग १ टक्क्याच्या आत असावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. २० कोंबडे व ८० कोंबड्या ठेवल्यास तो त्या मर्यादेत येतो. हा वेग वाढला की अंडी कमी उबतात, पिल्ले अशक्त निपजतात आणि कळप हळूहळू खंगतो.

एका कुटुंबाला २० कोंबडे पोसणे परवडणार नाही. गावाला मात्र ते सहज शक्य आहे. गावातील चार पाड्यांचे चार गट करावेत. दर वर्षी पहिल्या पाड्यावरील निवडक तरुण कोंबडे दुसऱ्या पाड्यावर, दुसऱ्याचे तिसऱ्यावर, तिसऱ्याचे चौथ्यावर व चौथ्याचे पहिल्यावर द्यावेत. तलंगा मात्र आपापल्या पाड्यावरच राहू द्याव्यात. एवढ्या साध्या व्यवस्थेने बाप-लेकी व भाऊ-बहिणी यांची जोडी टळते. नवा कोंबडा सोडताना एक दक्षता घ्यावी. कोंबडीच्या शरीरात आधीच्या नराचे वीर्य दोन ते तीन आठवडे टिकते. म्हणून जुना कोंबडा काढल्यानंतर तेवढे दिवस मिळालेली अंडी पैदाशीसाठी वापरू नयेत.

उबवणीसाठी निवडलेली अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत व ती थंड जागी ठेवावीत. सातव्या दिवशी अंधारात विजेरीच्या उजेडासमोर धरून अफलित अंडी वेगळी काढता येतात. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा लस आणि सहा ते आठ आठवड्यांच्या वयात राणीखेत रोगाची पुढील लस टोचून घ्यावी. देशी कोंबडी काटक असली, तरी राणीखेत रोग तिलाही सोडत नाही. एका साथीत पाड्यावरील सर्व खुराडी रिकामी होऊ शकतात.

गावाने करावयाचे काम

ग्रामपंचायतीने पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने प्रथम कोणत्या घरी मूळ जातीचे किती कोंबडे व किती कोंबड्या आहेत याची नोंदवही करावी. निवडलेल्या पाड्यांवर बाहेरच्या जातींचे कोंबडे मोकळे सोडू नयेत, असा ठराव ग्रामसभेत करता येईल. सुधारित कोंबड्या पाळू इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी त्या बंदिस्त ठेवण्याचा मार्ग खुला आहेच. शाळेतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून अंडी, उबवण व पिल्लांच्या नोंदी ठेवून घेतल्यास विज्ञानाचा एक पाठ आपोआप होईल. आणि मूळ प्रदेशाबाहेर, साथीच्या कक्षेपासून दूर, शासकीय अथवा कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर या जातीचा निदान एक स्वतंत्र कळप असणे अगत्याचे आहे.

बुसरा कोंबडीचा वाण आजवर कोणत्याही योजनेवाचून टिकला, तो ती पाळणाऱ्या घरांतील स्त्रियांच्या निगराणीमुळे. कोणती कोंबडी खुडूक बसवायची, कोणता कोंबडा ठेवायचा व कोणता बाजारात न्यायचा, हे निर्णय बहुधा त्याच घेत आल्या आहेत. जतनाच्या कोणत्याही कार्यक्रमात त्यांचा सल्ला प्रथम घेतला गेला आणि शुद्ध अंड्यांना व पिल्लांना रास्त भाव मिळाला, तर हा वाण अंगणातच सुरक्षित राहील.