सगळ्या तक्रारी एका टेबलावर

इंग्लंडमधल्या मराठी घरांत शेजाऱ्यापाजाऱ्याच्या त्रासाबद्दल तक्रार करायची वेळ आली, की कुणीतरी म्हणतंच, ‘जाऊ दे, परका मुलूख आहे, कशाला वैर घ्यायचं?’ मी मिडलंड्समधल्या एका गावात राहते आणि तिथल्या सल्ला केंद्रात लोकांना अर्ज भरायला, पत्रं लिहायला मदत करते. सोसायचं तेवढं सोसून अखेर जे तक्रार करतात, त्यांच्या वाट्याला पुढे काय येतं हे मी जवळून पाहिलं आहे. म्हणून इथल्या एका हक्काबद्दल लिहिते आहे. तो कायद्यात २०१४ पासून आहे, पण ज्यांना त्याची गरज आहे त्यांच्यापैकी फार थोड्यांना तो ठाऊक आहे.

आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत. मूळच्या नाशिककडच्या, सत्तरी ओलांडलेल्या, काका गेल्यापासून एकट्या. त्यांचा तळमजल्यावरचा फ्लॅट हाऊसिंग असोसिएशनचा, म्हणजे सामाजिक घरं भाड्यानं देणाऱ्या संस्थेचा आहे. वरच्या भाडेकरूकडे रात्री तीन-तीन वाजेपर्यंत गाणी चालत. त्याच्याकडे येणारी पोरं जाता-येता काकूंच्या दारावर लाथा मारत, खिडकीवर अंडी फोडत. दिवाळीच्या सुमाराला त्यांनी दारातल्या पत्रांच्या फटीतून पेटता फटाका आत टाकला. पायपुसणं जळालं. काकू स्वयंपाकघरात होत्या म्हणून वाचल्या.

काकू गप्प बसल्या नव्हत्या. १०१ या पोलिसांच्या नंबरवर त्या फोन करत आणि प्रत्येक वेळी त्यांना एक नवा संदर्भ क्रमांक मिळे. स्थानिक कौन्सिलच्या, आवाजाच्या तक्रारी पाहणाऱ्या विभागानं रोजची नोंद ठेवायला कोरे तक्ते पाठवले. घरमालक संस्था म्हणे, पोरांचा प्रश्न पोलिसांचा. पोलीस म्हणत, भाडेकरूचा प्रश्न घरमालकाचा. दारावरची लाथ हा पोलिसांच्या लेखी किरकोळ प्रकार, एका रात्रीची गाणी ही कौन्सिलच्या लेखी एक नोंद. जो तो आपली फाईल बंद करत होता. सगळ्या फायली एकत्र ठेवून ही बाई कशी जगते आहे, असं मात्र कुणी विचारलं नव्हतं.

हे असं सुटं सुटं बघण्याची किंमत या देशानं मोजलेली आहे. लेस्टरशायरमधल्या बारवेल गावी फिओना पिल्किंग्टन आपल्या दोन मुलांसह राहत होती. थोरली फ्रान्सेका अपंग होती. गल्लीतल्या टोळक्यानं या कुटुंबाला वर्षानुवर्षं छळलं. दगड, अंडी, शिव्या, मुलीची टवाळी. ऑक्टोबर २००७ मध्ये फिओनानं अठरा वर्षांच्या फ्रान्सेकाला गाडीत बसवलं आणि रस्त्याकडेला गाडी पेटवून दिली. दोघी गेल्या. दहा वर्षांत तिनं तेहेतीस वेळा पोलिसांकडे दाद मागितली होती, आणि बहुतेक वेळा प्रत्येक प्रसंग स्वतंत्र, किरकोळ म्हणून निकाली निघाला होता. २००९ च्या मृत्यूचौकशीत ज्यूरीनं स्पष्ट सांगितलं, की पोलिसांच्या आणि स्थानिक कौन्सिलांच्या त्रुटींचा या मृत्यूंना हातभार लागला. २०१३ मध्ये ब्रिस्टलला बिजन इब्राहिमी या अपंग इराणी स्थलांतरिताचा शेजाऱ्यानं खून केला. तोही वर्षानुवर्षं तक्रारी करत होता, आणि पोलिसांनी त्यालाच कटकटी माणूस ठरवलं होतं. ही दोन नावं आठवली, की ‘जाऊ दे’ हा सल्ला माझ्यानं ऐकवत नाही.

उपद्रव, गुन्हे आणि पोलीस यांविषयीचा कायदा २०१४ मध्ये झाला आणि त्याच्या १०४ व्या कलमानं नागरिकाला फेरआढावा मागण्याचा हक्क दिला. सुरुवातीला त्याला ‘कम्युनिटी ट्रिगर’ म्हणत, आता ‘केस रिव्ह्यू’ म्हणतात. हा हक्क इंग्लंड आणि वेल्समध्ये आहे, स्कॉटलंडमध्ये नाही. अर्ज आला आणि पात्र ठरला, की कौन्सिल, पोलीस, आरोग्यसेवेचं स्थानिक मंडळ आणि सामाजिक घरं देणाऱ्या संस्था यांनी आपापली माहिती एकमेकांसमोर ठेवायची, आजवर काय केलं आणि काय राहिलं ते तपासायचं, पुढे काय करायचं ते ठरवायचं आणि अर्जदाराला कळवायचं.

पात्रतेची अट प्रत्येक भाग स्वतः ठरवतो, पण तिला वरची मर्यादा आहे: सहा महिन्यांत तीन तक्रारी. त्याहून जास्त मागता येत नाहीत. सर्वसाधारणपणे घटना घडल्यापासून महिन्याभरात तक्रार केलेली असावी आणि तक्रारीपासून सहा महिन्यांत अर्ज करावा. तारखा आणि संदर्भ क्रमांक लिहून ठेवा, असं मी प्रत्येकाला बजावते ते यासाठीच. काकूंनी सगळं कालनिर्णयच्या चौकोनांत टिपून ठेवलं होतं, दुधाच्या हिशेबाशेजारी. अर्ज भरताना त्याचा फार उपयोग झाला. अर्ज पीडितानं स्वतःच करावा असंही नाही. त्याच्या संमतीनं मुलगा, शेजारी, नगरसेवक, खासदार, कुणीही करू शकतं. काकूंचा अर्ज त्यांच्या भाचीनं केला.

एक गैरसमज इथे दूर केला पाहिजे. अमुक अधिकारी उद्धट वागला, ही तक्रार या वाटेनं जात नाही, तिच्यासाठी वेगळी व्यवस्था आहे. फेरआढाव्यात प्रश्न एवढाच असतो, की त्रास थांबवण्यासाठी जे करता आलं असतं ते झालं का?

काकूंचा अर्ज पात्र ठरल्यावर सगळ्या संस्थांची जी बैठक झाली, तिच्यात जे बाहेर आलं, ते मला आजही अस्वस्थ करतं. पोरं दारावर लाथ मारताना रंगावरून शिव्या देत. काकूंनी हे पोलिसांना कधी सांगितलंच नव्हतं. ते शब्द तोंडानं उच्चारायची त्यांना लाज वाटे, आणि फोनवर कुणी विचारलंही नव्हतं. भाचीनं ते बैठकीत सांगितलं. त्यानंतर पोलिसांनी ते प्रसंग द्वेषमूलक म्हणून नोंदवले आणि प्रकरणाचं वजनच बदललं. पीडिताला किंवा त्याच्या वतीनं कुणाला तरी बैठकीत बोलू द्यावं, असं गृहखात्याची मार्गदर्शिका सांगते. माझ्या मते यात सूट असताच कामा नये. कागदावर न आलेली गोष्ट माणूस समोर बसल्यावरच कळते.

पुढच्या गोष्टी पटापट झाल्या. वरच्या भाडेकरूला लेखी ताकीद गेली. ती मोडली तर नोटीस, आणि नोटीस मोडणं हा गुन्हा. दोन पोरांच्या पालकांना बोलावून वागणुकीचा लेखी करार केला. अग्निशमन दलानं पत्रांच्या फटीला आतून आग रोखणारी पेटी बसवली. मुख्य म्हणजे काकूंना एका अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर मिळाला, दर वेळी पहिल्यापासून कहाणी सांगायची गरज संपली. लाथा थांबल्या. उन्हाळ्यात गाणी परत सुरू झाली, तेव्हा घरमालक संस्थेनं कोर्टाकडून मनाईहुकूम घ्यायचं ठरवलं, पण त्याला महिने लागले.

ही दिरंगाई म्हणजे या कायद्याची कमजोर बाजू. फेरआढाव्याच्या शिफारशी संस्थांनी ‘विचारात घ्यायच्या’ असतात. पाळल्याच पाहिजेत, असं बंधन नाही. शिवाय ज्यांच्या कामाचा आढावा घ्यायचा, त्याच संस्थांची माणसं आढावा घ्यायला बसतात. निदान अध्यक्ष तरी त्या प्रकरणाशी संबंध नसलेला असावा, असं मी प्रत्येक अर्जाच्या पत्रात लिहिते. आणि या हक्काची माहिती तिसऱ्या तक्रारीच्या उत्तरातच छापून का देत नाहीत, हे मला समजत नाही. वेबसाइटच्या कोपऱ्यात ती ठेवली, तर सत्तरीतल्या बाईपर्यंत पोहोचणार कशी?

तुमची मुलं, भावंडं इकडे असतील आणि फोनवर असं काही सांगत असतील, तर त्यांना सांगा, की कौन्सिलला किंवा पोलिसांना ‘केस रिव्ह्यू हवा आहे’ असं स्पष्ट म्हणा. अर्जाची पद्धत जाहीर करणं त्यांच्यावर कायद्यानं बंधनकारक आहे. अर्ज किती आले, किती अपात्र ठरले, किती आढावे झाले आणि किती प्रकरणांत शिफारशी निघाल्या, हे आकडेही त्यांना प्रसिद्ध करावे लागतात. अर्ज नाकारला किंवा आढावा समाधानकारक वाटला नाही, तर पुढे दाद कुठे मागायची, हेही त्या पद्धतीतच लिहिलेलं असतं. घर इंग्लंडमधल्या हाऊसिंग असोसिएशनचं असेल, तर आधी तिच्याकडे रीतसर तक्रार करून मग हाऊसिंग ऑम्बुड्समन या तक्रार-निवारकाकडे जाता येतं. काकूंची भाची सध्या मनाईहुकुमाला लागलेल्या उशिराबद्दल त्याच्याकडेच जाण्यासाठी कागदपत्रं जमवते आहे.