तीस जूननंतर गोष्ट कोण वाचून दाखवणार?

जुलै उजाडला की कॉलेजात दोन गोष्टी हमखास दिसतात. एक, ॲडमिशनच्या रांगा. दोन, पॅसेजमध्ये मांडलेलं रोटरॅक्ट नाहीतर लिओ क्लबचं टेबल. टेबलामागे ब्लेझरची घडीही न मोडलेले नवे प्रेसिडेंट आणि सेक्रेटरी. पदग्रहण होतं, पिना लागतात, फोटो निघतात आणि वर्षभराचं कॅलेंडर ग्रुपवर येऊन पडतं. पावसाळ्यात वृक्षारोपण, मग रक्तदान शिबिर, गणपतीत निर्माल्य गोळा करणं, दिवाळीत फराळवाटप, थंडीत ब्लँकेटवाटप. त्यातच कुठेतरी एक ओळ असते, ‘लिटरसी प्रोजेक्ट’.

दिसायला ही ओळ बाकीच्यांसारखीच. पण खरी परीक्षा घेणारी तीच. रक्तदान एका सकाळी होतं, ब्लँकेट एका रात्रीत वाटून संपतात. मूल मात्र एका रविवारी वाचायला शिकत नाही. त्याला लागतात आठवडेच्या आठवडे आणि दर आठवड्याला तोच ओळखीचा चेहरा. क्लबच्या कामाची पद्धत आणि मुलाच्या शिकण्याची पद्धत इथे एकमेकींना अडतात. गंमत म्हणजे, हे कोडं सोडवणं सर्वांत जास्त कॉलेजच्या पोरापोरींच्याच हातात आहे.

मुतारीपासून सुरुवात

हे सेवाभावी क्लब आले कुठून? १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं तीन मित्रांना गोळा केलं. बैठक आळीपाळीनं एकेकाच्या ऑफिसात व्हायची, म्हणून नाव पडलं रोटरी. या क्लबचं पहिलं गाजलेलं सार्वजनिक काम काय, तर शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं म्हणून केलेला पाठपुरावा. ना मोठं भाषण, ना मोठा हार. लोकांना रोज जे लागतं ते आधी. १९१७ मध्ये लायन्स आले. तरुणांसाठी लायन्सचे लिओ क्लब १९५७ मध्ये आणि रोटरीचे रोटरॅक्ट १९६८ मध्ये सुरू झाले. आपल्याकडच्या कॉलेजांत त्यांच्या जोडीला १९६९ पासून एनएसएस आहेच.

नेटानं, वर्षानुवर्षं धरून ठेवलेलं काम काय करू शकतं, हेही याच क्लबांनी दाखवलंय. रोटरीनं पोलिओविरुद्धची मोहीम १९८५ मध्ये हाती घेतली. भारतातला वाइल्ड पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत सापडला आणि २०१४ मध्ये आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. सरकार, आशाताई, अंगणवाडीताई, आंतरराष्ट्रीय संस्था असे अनेकांचे हात त्याला लागले होते. पण मधल्या काळात रोटरीचे पंचवीसहून जास्त अध्यक्ष बदलले आणि मोहीम बदलली नाही, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती लागणार आहे.

तिसरीच्या बाकावर

आता शाळेकडे वळू. ‘असर’ नावाचा सर्व्हे तुम्ही ऐकला असेल. २००५ पासून ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन मुलांचं वाचन आणि गणित तपासलं जातं. चाचणी अगदी साधी. एका कागदावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कुठपर्यंत वाचू शकतं ते बघायचं, बस.

२०२४ च्या ‘असर’मध्ये देशभरातल्या ग्रामीण भागात तिसरीतल्या २७.१ टक्के मुलांना दुसरीची गोष्ट वाचता आली. कोविडनंतर, म्हणजे २०२२ मध्ये, हा आकडा २०.५ पर्यंत घसरला होता. म्हणजे गाडी रुळावर येतेय. पण उलट बाजूनं बघा. तिसरीतल्या दर चार मुलांपैकी जवळजवळ तिघं दुसरीची गोष्ट वाचू शकत नाहीत. पाचवीतही निम्म्याहून थोडी जास्त मुलं तिथेच अडकलेली आहेत.

तिसरी-चौथीचं वळण का महत्त्वाचं? तोवर मूल वाचायला शिकत असतं. त्यानंतर त्यानं वाचून शिकायचं असतं. परिसर अभ्यासाचा धडा, गणितातलं शाब्दिक उदाहरण, सगळीकडे आधी वाचता यायला हवं. ज्याला ते येत नाही तो वर्गात बसतो, फळ्यावरचं सुबक अक्षरात उतरवूनही काढतो. वही बघून कोणाला वाटणारही नाही की त्याला स्वतः उतरवलेलं वाचता येत नाही. अशी मुलं गप्प असतात, त्रास देत नाहीत, म्हणून सहज नजरेतून सुटतात. मग सातवी-आठवीत कधीतरी शाळेत येणंच कमी होतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांचं तर आणखी अवघड. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि आईबापांबरोबर मुलंही फडावर जातात. परत येईपर्यंत शाळेचं निम्मं वर्ष उलटलेलं असतं.

वह्या वाटल्या, पुढे?

क्लबचा नेहमीचा लिटरसी प्रोजेक्ट कसा असतो? जिल्हा परिषदेच्या शाळेत जायचं, शंभर वह्या, पेन्सिली, एखादं दप्तर. मुलं रांगेत, मागे बॅनर, हेडमास्तरांचं आभाराचं भाषण, ग्रुप फोटो. संध्याकाळपर्यंत स्टोरी अपलोड.

हे वाईट आहे का? अजिबात नाही. जून महिन्यात वह्यांचा खर्च किती टोचतो ते ज्या घरात तीन मुलं शाळेत जातात त्यांना विचारा. शाळेला कपाटभर पुस्तकं मिळाली, बेंच आले, मुलींसाठी स्वच्छतागृह झालं, तर शाळा खरंच बदलते. मोठ्या क्लबांकडे पैसा आणि ओळखी असतात. ते काम त्यांनी करावंच. पण कोरी वही मुलाला वाचायला शिकवत नाही आणि कुलूपबंद कपाटातली पुस्तकंही नाहीत. त्यासाठी शेजारी बसणारं माणूस लागतं. कॉलेजच्या क्लबाकडे पैसा नसतो, पण माणसं असतात. मग आपण मोठ्या क्लबाची छोटी आवृत्ती कशाला काढायची?

‘आम्हाला कुठे शिकवता येतं?’

तुम्ही म्हणाल, आम्ही काय बीएड केलंय? प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर तपासून पाहिलेलं आहे. मुंबईच्या वस्त्यांमधून उभ्या राहिलेल्या ‘प्रथम’ या संस्थेनं ‘बालसखी’ नावाचा उपक्रम चालवला. बालसखी म्हणजे त्याच वस्तीतली, शाळा पूर्ण केलेली तरुणी. तिसरी-चौथीत मागे पडलेली पंधरा-वीस मुलं ती रोज दोन तास वेगळी घेऊन बसायची. मुंबई आणि वडोदऱ्यात अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. मुलांची प्रगती मोजण्याइतकी झाली आणि सर्वांत मागे असलेल्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. याच दोघांना पुढे २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात तर पगारी माणसंही नव्हती. गावातल्याच तरुणांनी थोडक्या दिवसांचं प्रशिक्षण घेऊन वाचनाचे वर्ग चालवले. जी मुलं नियमित आली त्यांचं वाचन स्पष्ट सुधारलं. म्हणजे शिकवायला पदवी नाही, तर पद्धत आणि सातत्य लागतं.

पण याच अभ्यासांत दोन धोक्याच्या सूचनाही आहेत. जौनपूरच्या वर्गांना गावातली फार थोडी मुलं आली. दहातलं एकही नाही. आणि बालसखी संपल्यावर वर्षभरानं मुलं पुन्हा तपासली, तेव्हा फायदा काही प्रमाणात टिकला होता, पण बराचसा विरलाही होता. वर्ग थांबला की शिकलेलं निसटायला लागतं.

एक जुलैचा रिसेट

इथे खरी गोम आहे. रोटरी असो की लायन्स, त्यांचं वर्ष १ जुलै ते ३० जून. दर वर्षी नवा अध्यक्ष, नवी टीम, नवी थीम. नेतृत्वाची संधी सगळ्यांना मिळावी म्हणून ही पद्धत छानच आहे. पण नव्या प्रेसिडेंटला आपलं वर्ष उठून दिसायला हवं असतं. ‘गेल्या वर्षीचंच पुढे चालू’ या कामाला अवॉर्ड नाईटमध्ये टाळ्या कमी पडतात. त्यात कॉलेजचं वेळापत्रक. ऑक्टोबर-नोव्हेंबरात परीक्षा, मार्चपासून सबमिशन, टीवायची मंडळी पास होऊन पांगणार.

आता हेच त्या तिसरीतल्या मुलीच्या बाजूनं बघा. जानेवारीत एक ताई यायला लागली. तिच्याबरोबर काना-मात्रा जमल्या. मार्चमध्ये ताई यायची बंद झाली. पुढच्या सप्टेंबरात दुसराच दादा आला आणि त्यानं पुन्हा ‘अ अननसाचा’पासून सुरू केलं. क्लबच्या रिपोर्टमध्ये दोन प्रोजेक्ट झाले. मुलगी होती तिथेच राहिली, आणि वर शिकली की ताई-दादा येतात तसे जातात.

आपल्याच मातीतलं उलटं उदाहरण आठवा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. मुलं गुरं राखायला जातात, तर शाळा कुरणावर नेली. आणि मुख्य म्हणजे त्या टिकून राहिल्या. अनुताईंनी कोसबाडच्या परिसरात आयुष्य घातलं. तुम्ही आयुष्य द्यावं असं कोणी म्हणत नाही. पण एक माणूस चाळीस वर्षं देऊ शकत नसेल, तर वीस जणांनी एकमेकांच्या हातात बॅटन देत पाच वर्षं नक्की काढता येतात. पोलिओचं काम असंच झालं.

दोन तासांचा हिशेब

प्रत्यक्षात करायचं काय? कॉलेजपासून चालत किंवा एका बसनं जाता येईल अशी एकच वस्ती किंवा शाळा निवडा. लांबचं निसर्गरम्य गाव ट्रिपला ठीक, दर आठवड्याला नाही. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या, पालकांना भेटा. कमीत कमी दोघांनी एकत्र जायचं, उघड्या जागेत बसायचं आणि परवानगीशिवाय मुलांचे फोटो काढायचे नाहीत. आपण मदतीला आलोय, गुरुजींच्या चुका काढायला नाही, हेही पक्कं असू द्या.

पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाजवळ पाच मिनिटं बसून ‘असर’सारखी चाचणी घ्या. मग इयत्तेप्रमाणे नाही, तर वाचनाच्या पातळीप्रमाणे गट पाडा. अक्षरांचा गट, शब्दांचा गट, परिच्छेदाचा गट, गोष्टीचा गट. एका गटात दुसरीचा आणि पाचवीचा मुलगा शेजारी बसले तरी चालतं.

सुरुवात मात्र सगळ्यांनी एकत्र गोष्ट ऐकण्यानं. ओळीखाली बोट फिरवत, आवाज बदलत, मजा घेत. मुलं म्हणतील ‘दादा, तीच परत!’ तर तीच परत. अक्षरगटाला सगळी बाराखडी एकदम घोकायला लावू नका. क, म, ल, न ही चारच अक्षरं आणि काना घ्या. नाक, कान, काम, लाल, काका, मामा असे किती शब्द निघतात बघा. आपण वाचू शकतो हे मुलाला पहिल्याच दिवशी कळतं. थोडं पुढे गेलेल्या मुलाला सांगा, ‘घरी काल काय झालं?’ तो जे बोलेल ते त्याच्याच बोलीत मोठ्या अक्षरांत लिहा आणि त्याला वाचायला द्या. स्वतःचं वाक्य वाचताना मूल सहसा अडत नाही. आणि ‘असं नाही, शुद्ध बोल’ हे वाक्य घरी ठेवून या.

पुस्तकांसाठी स्पॉन्सर शोधत बसायची गरज नाही. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी फुकट आहेत. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक ऑनलाइन वाचायला मिळतात. प्रिंट काढा, स्टेपल करा, झालं पुस्तक.

सर्वांत महत्त्वाची वही

आणि आता ती वही, जी वाटायची नाही, जपायची. प्रत्येक मुलाचं एक पान. कुठल्या पातळीला होतं, आता कुठे आहे, कुठे अडतं. ‘जोडाक्षराला थांबतो.’ ‘चित्र बघून अंदाजानं वाचते.’ ‘वाघाची गोष्ट काढली की खुलतो.’ दर आठवड्याला दोन ओळी, बास. परीक्षेच्या काळात कोण जाणार याची यादी आधीच लावा. सायन्सवाले अडकले तर कॉमर्सवाले जातील. प्रत्येक टीवायच्या जोडीला एक एफवाय ठेवा, म्हणजे ताई गेली तरी तिच्याबरोबर सहा महिने बसलेला दादा मुलांच्या ओळखीचा असेल. आणि क्लबनं एक ठराव करून टाकावा. ही शाळा तीन वर्षं बदलायची नाही, प्रेसिडेंट कोणीही असो.

पदग्रहणाच्या दिवशी जुना प्रेसिडेंट नव्याला कॉलर घालतो, त्याच वेळी ही वहीही हातात द्यावी. नव्या प्रेसिडेंटनं ब्लेझरची घडी मोडायच्या आधी ती एकदा वाचावी. कोणाचं काय अडलंय ते त्यात लिहिलेलं असेल. पुढच्या रविवारी तिथूनच सुरू करायचं, ‘अ अननसाचा’पासून नाही.