मगरिब ते इशा : थंडीतली संध्याकाळ घरच्यांच्या कामी कशी लावायची?

थंडी पडली की घराची दारं लवकर लागतात. मगरिबची नमाज होते, मुलं आत येतात, कुणीतरी टीव्ही लावतं, कुणी पांघरूण ओढून मोबाईल घेऊन बसतं. रात्री जेवणं आटोपली की घरातला प्रत्येकजण म्हणतो, "आज दिवस कसा गेला कळलंच नाही." आम्ही पेशाने शिक्षक. दुसऱ्यांच्या मुलांना वेळेचं मोल शिकवतो, पण आमच्या घरातही हेच चालायचं. एका जुन्या पत्र्याच्या पेटीमुळे ते बदललं. ती गोष्ट पुढे सांगतो. आधी थोडा हिशेब पाहू.

हा वेळ येतो कुठून?

आमच्या मराठवाड्यात जूनअखेर सूर्य मावळतो साधारण ७.१० ला. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तो ५.५० च्या आतच मावळतो. म्हणजे संध्याकाळ जवळजवळ सव्वा तास आधी घरी येते. वर्षातला सगळ्यात छोटा दिवस २१-२२ डिसेंबरचा, हे शाळेत सगळे शिकतात. पण आपल्याकडे सूर्यास्त सगळ्यात लवकर होतो तो त्याच्याही आधी, नोव्हेंबरअखेरीस. आणि सूर्य सगळ्यात उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्याला. मशिदीतला नमाजच्या वेळांचा तक्ता मुलांना दाखवा, त्यांना हे स्वतःच सापडेल. भूगोलाचा एक धडा तिथेच होऊन जातो.

डिसेंबरात मगरिब सहाच्या आसपास आणि इशाची वेळ सव्वासातच्या सुमारास लागते. मधे तास-सव्वा तास. बाहेर अंधार, गार वारा, मुलांना खेळायला जाता येत नाही. घरातली सगळी माणसं एका छताखाली असतात, असा वेळ वर्षात दुसरा मिळत नाही.

शाळेची एक तासिका ३५-४० मिनिटांची असते. १५ नोव्हेंबर ते १५ फेब्रुवारी म्हणजे १३ आठवडे. आठवड्यातले चारच दिवस धरा, कारण थंडीत लग्नं असतात, पाहुणे असतात, एखाद्या दिवशी अंगात कंटाळा असतो. रोज ४० मिनिटं धरली तरी ३४ तास होतात. एवढ्या तासांत एक लिपी शिकता येते. हे आम्ही अनुभवाने सांगतो.

पेटीतली पोस्टकार्डं

आमच्या घरी अब्बांची एक पेटी आहे. त्यात जमिनीचे कागद, दोन फोटो आणि पोस्टकार्डांचा एक गठ्ठा. ती पोस्टकार्डं आमच्या बडे अब्बांची. ते मुंबईला गिरणीत कामाला होते आणि घरी उर्दूत पत्रं लिहायचे. त्यांचा हात वेगवान होता, अक्षर लागायला कठीण. ते सहज वाचणारं घरात एकच माणूस उरलं होतं, आमच्या फुफी. त्या दर थंडीत गुडघ्यांच्या इलाजासाठी आमच्याकडे यायच्या, महिना-दीड महिना राहायच्या. दरवर्षी आम्ही म्हणायचो, यंदा फुफीकडून पत्रं वाचून घेऊ. दरवर्षी संध्याकाळ टीव्हीपुढे जायची. फुफीही आमच्यासोबत तेच बघत बसायच्या, कारण त्यांना दुसरं कुणी काही विचारतच नव्हतं. शेवटच्या खेपेला एसटीत बसवताना आम्हीच म्हणालो, "पुढच्या थंडीत नक्की." बकरी ईदच्या आधी त्यांचा इंतेकाल झाला.

पुढच्या हिवाळ्यात आमच्या लेकीने पेटी उघडली. ती मराठी शाळेत सातवीत, कुरआन नाजरा पूर्ण झालेला. एक पोस्टकार्ड हातात घेऊन तिने विचारलं, "यावर झेर-झबर का नाहीत?" म्हणजे अक्षरं तिला ओळखीची वाटत होती, वाचता येत नव्हती. आम्हाला तिथे वाट दिसली.

कुरआन वाचणारं मूल उर्दूच्या किती जवळ असतं

मराठी किंवा इंग्रजी माध्यमात शिकणारी आपली हजारो मुलं मकतबमध्ये जाऊन अरबी वाचायला शिकतात. घरात उर्दू किंवा दखनी बोलतात. तरी उर्दू वाचता येत नाही. पालकांना वाटतं, आता नव्याने एक भाषा कुठे शिकवायची? खरं म्हणजे काम अर्ध्याहून जास्त झालेलं असतं.

अरबीची २८ अक्षरं मुलाला येतात. उर्दूसाठी मुख्यतः सात नवी लागतात : पे, टे, चे, डाल, ड़े, झे आणि गाफ. त्यातली बरीच जुन्याच अक्षरांवर बसवलेली आहेत. 'बे'च्या खाली एकाऐवजी तीन नुक्ते दिले की 'पे'. 'जीम'मध्ये तीन नुक्ते दिले की 'चे'. 'काफ'वर आणखी एक रेघ ओढली की 'गाफ'. 'ते', 'दाल' आणि 'रे' यांच्या डोक्यावर छोटी 'तोय' बसवली की टे, डाल, ड़े तयार. 'झे' तर क्वचितच भेटतं.

याशिवाय तीन गोष्टी शिकवाव्या लागतात. पहिली नून गुन्ना, म्हणजे नुक्ता नसलेला नून. आपल्या अनुस्वारासारखा नाकातून जाणारा. दुसरी बडी ये, शब्दाच्या शेवटी येणारी. तिसरी दोचश्मी हे. इथे मराठी शिकलेल्या मुलाला फायदाच होतो. 'काफ'ला दोचश्मी हे जोडली की ख, 'गाफ'ला जोडली की घ, 'बे'ला जोडली की भ. हे आवाज त्याला बाराखडीतून पाठ असतात.

अडचण येते ती दोन ठिकाणी. कुरआन छापला जातो नस्ख वळणात, अक्षरं सरळ ओळीत बसतात. उर्दू लिहितात नस्तालीकमध्ये. तिथे अक्षरं वरून खाली तिरपी उतरतात, जोडताना आकार बदलतो, नुक्ते सरकतात. डोळ्याला याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे जातात. दुसरं म्हणजे झेर-झबर-पेश सहसा लिहीत नाहीत. मराठीत प्रत्येक मात्रा लिहिलेली असते, उर्दूत ती अंदाजाने भरायची. पण शब्द घरात रोज कानावर पडतो, त्यामुळे अंदाज बरोबर येतो. मुलाचा कान आधीच तयार असतो, आपल्याला त्याचा डोळा तयार करायचा असतो.

आम्ही असं केलं :

* पहिले दोन आठवडे फक्त नवी अक्षरं. वही न घेता पाटीवर, रोज दोन.
* पुढचा महिना बालभारतीचं पहिलीचं उर्दू पुस्तक. बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकं मोफत उतरवून घेता येतात.
* त्यानंतर घरातलंच वाचन : शादीचं कार्ड, मशिदीतली पाटी, एखादं कॅलेंडर. मग मुलांचं मासिक 'बच्चों की दुनिया'.
* रोज वाचन मोठ्याने. चूक झाली तर लगेच टोकायचं नाही, वाक्य संपू द्यायचं.

जानेवारीच्या शेवटी लेकीने पहिलं पोस्टकार्ड वाचलं. तिला चार संध्याकाळी लागल्या, दोन शब्द आम्हालाही लागले नाहीत. त्यात काही मोठं नव्हतं. तब्येतीची चौकशी, गव्हाच्या पैशाची गोष्ट. आणि एक ओळ, की दहा रुपयांची मनीऑर्डर केली आहे, ते छोटीच्या शाळेसाठी आहेत, तिला शाळेतून काढू नये. छोटी म्हणजे फुफी. गिरणीतल्या पगारातून भावाने पैसे पाठवले म्हणून फुफी चौथीपर्यंत शिकल्या, हे आम्हाला वयाच्या पंचेचाळिशीत कळलं. त्यांनी कधी सांगितलं नाही, आम्ही कधी विचारलं नाही. आता विचारायला फुफी नव्हत्या.

घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा

म्हणून वाचनाइतकंच दुसरं काम आम्हाला महत्त्वाचं वाटतं. घरात दादी, नानी, दादा, कुणीही असेल तर आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांची. "जुन्या गोष्टी सांगा" असं म्हटलं की माणूस गप्प बसतो. छोटा प्रश्न विचारा. तुमच्या निकाहला कुणाकुणाला बैलगाडीतून आणलं? ७२ च्या दुष्काळात घरात काय शिजायचं? पहिला पगार कशावर खर्च झाला? या फोटोतली डावीकडची बाई कोण? फोटोमागे पेन्सिलीने नाव लिहून टाका. आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि फाईलला नाव, तारीख द्या, नाहीतर सहा महिन्यांनी तीही सापडत नाही.

दखनीत चक्कीनामा, चरखानामा नावाची गाणी होती. विजापूरच्या सूफींच्या परंपरेतून आलेली, बायका जात्यावर दळताना, सूत काढताना म्हणायच्या. जातं गेलं तशी गाणीही गेली. एखाद्या दादीला अजून दोन ओळी आठवत असतील तर त्या याच थंडीत लिहून घ्या.

उलटीही शिकवणी होऊ द्या

आपल्या अनेक घरांत आई किंवा दादी उर्दू माध्यमातून शिकलेली असते. उर्दू झरझर वाचते, पण बँकेचा मराठी अर्ज आला की मुलाला हाक मारते. मग याच ४० मिनिटांत अदलाबदल करा. दादी नातवाला उर्दूची दोन वाक्यं वाचायला लावेल, नातू दादीला मराठी वर्तमानपत्राचा मथळा. वर्गात आम्ही पाहिलंय, जे मूल दुसऱ्याला शिकवतं त्याचं स्वतःचं पक्कं होतं. मराठी वाचनासाठी बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं. मुलांनी ते आईला मोठ्याने वाचून दाखवावं.

ज्या घरात दहावी-बारावीचं मूल आहे, तिथे त्याला यात ओढू नका. त्याने त्याच खोलीत आपलं पुस्तक घेऊन बसावं. घरात टीव्ही बंद आहे आणि सगळे काहीतरी वाचतायत, एवढी मदत त्याला पुरते.

फुरसत कुणाला आहे, हेही बघा

हे सगळं लिहिताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. मगरिबनंतर घरातले सगळे मोकळे असतात, तेव्हा घरातली बाई चुलीपुढे असते. थंडीत बाजरीच्या भाकरी गरमच लागतात, त्या शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत थापल्या जातात. तिच्याशिवाय बैठक भरली तर ती फुरसत इतरांनी तिच्या कष्टावर मिळवलेली असते. आमच्याकडे भाजी दुपारीच होते, भांडी मुलगा घासतो, आणि सगळे एकदम जेवतात. सुरुवातीला कुरकूर झाली, आता सवय झाली.

ज्यांच्या घरची माणसं ऊसतोडीला गेलेली असतात, किंवा रात्रीच्या लाईटला गव्हाला पाणी द्यायला जातात, त्यांच्या वाट्याला थंडीतली फुरसत येतच नाही. अशा घरातलं मूल शेजारी एकटं असेल तर त्यालाही आपल्यात बसवा. एक पाट जास्त मांडायचा, इतकंच.

आणि एक सावधगिरी. खोली बंद करून कोळशाची शेगडी पेटवू नका, झोपताना तर मुळीच नको. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. खिडकी उघडी ठेवा, आणि उब पांघरुणाची घ्या.

रमजानच्या आधीची तयारी

रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो. २०२४ ला तो मार्चच्या मध्यावर सुरू झाला, २०२६ ला फेब्रुवारीत आला. म्हणजे पुढची काही वर्षं तो थंडीतच येणार. ज्यांचे कजा रोजे राहिलेत त्यांच्यासाठी डिसेंबर सोपा. आपल्याकडे तेव्हा रोजा सुमारे सव्वाबारा तासांचा असतो, जूनमध्ये तो पावणेपंधरापर्यंत जातो. नोव्हेंबरात बसायची सवय लागली तर रमजानमध्येही घर एकत्र बसतं.

हदीसमध्ये दोन नेमती सांगितल्या आहेत ज्यांच्याबाबत बहुतेक लोक तोट्यात राहतात, सेहत आणि फुरसत. आम्ही ही हदीस कितीदा ऐकली होती. फुफी गेल्यावर कळली.

पेटीत अजून २३ पोस्टकार्डं आहेत. यंदा धाकटा मुलगा 'पे' आणि 'चे'वर आहे. तुमच्या घरातही अशी एखादी पेटी, एखादी वही, एखादी दादी असेलच. आज मगरिबनंतर टीव्ही लावण्याआधी तिच्याजवळ जाऊन बसा.