गंजातील ट्रॉली : ढकलणे आणि थांबविणे

पौष लागला की आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील गंजांत तुरीची आवक सुरू होते. आळंद, हुमनाबाद, भालकी, औराद या बाजूंनी ट्रॅक्टरमागे जोडलेल्या ट्रॉल्या पहाटेपासून येऊ लागतात आणि दिवस वर येईपर्यंत दुकानांपुढे पाय ठेवावयास जागा उरत नाही. ‘गुलबर्गा तूर डाळ’ या नावास 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपणां सर्वांस रास्त अभिमान आहे. परंतु ती तूर रस्त्यावरून आपल्या ओट्यापर्यंत, म्हणजे शेवटच्या वीस-पंचवीस हातांत, कशी येते, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

जुन्या पेठांतील बोळ व ओटे बैलगाडीच्या मापाचे आहेत. बैलगाडीची सोय अशी की बैल सोडले, जू उचलून धरले की दोघे-तिघे जण गाडी जागच्या जागी फिरवीत. ट्रॉलीचे तसे नाही. पन्नास किलोची ऐंशी पोती म्हणजे चार टन माल. ट्रॉलीचे स्वतःचे वजन दीड टन धरले तर साडेपाच टनांचा गाडा होतो. तो बोळात वळेनासा झाला की चालक पिन काढतो, ट्रॅक्टर बाजूस घेतो आणि “लावा रे हात” अशी आरोळी उठते.

आता थोडा हिशेब करू. हिशेब हा आपला धर्मच आहे. हवा भरलेली चाके पक्क्या फरशीवर फिरविण्यास एकूण वजनाच्या सुमारे शेकडा दोन इतका जोर लागतो. म्हणजे साडेपाच टनांस एकशे दहा किलो. एक माणूस सतत ढकलताना पंचवीस-तीस किलोंचा जोर लावू शकतो, असे धरले तर चार-पाच माणसे पुरतात. म्हणूनच हे काम सोपे वाटते. परंतु वीस फुटांत एक फूट इतकाच उतार असला तर तो उतारच दोनशे पंचाहत्तर किलोंनी गाडा खाली ओढतो. चाकांचा अडथळा वजा जाता एकशे पासष्ट किलोंची ओढ उरते आणि ती थकत नाही. गाडा ज्यांनी ढकलून हलविला, ती चार-पाच माणसे तो धरून ठेवू शकत नाहीत. सारी गोम येथे आहे. हमालांची संख्या आपण हलविण्याच्या हिशेबाने बोलावतो, थांबविण्याच्या हिशेबाने नव्हे.

विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ सुमारे पंचावन्न टनांची. ती परांड्याहून आणताना किती हत्ती व किती बैल लागले, याचे आकडे लोक आजही हौसेने सांगतात. उतारावर ती अडवून धरणारे किती होते, हे कोणी सांगत नाही! आपल्या भागातील रथोत्सवांत मात्र हे ज्ञान जिवंत आहे. दोर ओढणारे शेकडो असतात, पण रथ वळतो आणि थांबतो तो चाकापाशी लाकडी पाचर घेऊन चालणाऱ्या मोजक्या जाणत्यांच्या हातून.

ट्रॉलीचे दोन प्रकार आहेत आणि दोहोंची खोड निराळी. दोन चाकी ट्रॉलीचा काही भार हुकावर असतो. पिन काढण्यापूर्वी नाकाखाली भक्कम टेकू हवा. पिन काढल्यावर पुढची पोती आधी उतरविली तर भार मागे जातो आणि ट्रॉली उलाळते. बैलगाडी हाकलेल्या माणसास हे समजावून सांगावे लागत नाही. चार चाकी ट्रॉली उलाळत नाही, परंतु तिची पुढची चाके दांडीबरोबर फिरतात. ट्रॅक्टरने मागे रेटताना हुकाशी एक व चाकांशी एक असे दोन सांधे होतात, म्हणून निष्णात चालकही ती सरळ मागे नेताना घामाघूम होतो. हाताने नेताना एखाद्या चाकाखाली खडा आला की तीच दांडी झटक्याने फिरून पायाच्या नडगीवर बसते. दांडी धरणाऱ्याने दोन्ही पाय तिच्या एकाच बाजूस ठेवावेत.

काही वर्षांपूर्वी आमच्या पेठेत ओटा आणि ट्रॉलीचा फाळका यांच्यामध्ये एका हमालाचा हात सापडला. दोन बोटे गेली. ट्रॉली शेतकऱ्याची, ट्रॅक्टर भाड्याचा, हमाल टोळीचा, माल अडतीवर आलेला. औषधपाण्याचा खर्च कोणी द्यावयाचा, यावर महिनाभर वाद चालला आणि अखेर वर्गणी झाली. माझे मत कित्येक बंधूंस रुचणार नाही, तरीही लिहितो. ज्याच्या ओट्यापुढे गाडा लागतो, त्याने तो लागेपर्यंत गादीवरून उठून बाहेर उभे राहावे. ढकला म्हणण्याचा आणि थांबा म्हणण्याचा अधिकार त्या एकाच माणसाकडे असावा, आणि खर्चाची जबाबदारीही त्याचीच.

यंत्रांचा उपाय आहेच. ट्रॅक्टरच्या पुढच्या बाजूस हूक बसविला तर चालकास ट्रॉली डोळ्यांसमोर दिसते आणि बोळात रेटणे पुष्कळ सोपे होते. यास खर्च फारसा नाही, तरीही तो हूक आपल्याकडे क्वचित दिसतो. साखळीच्या कप्पीने ओढता येते, मात्र ताणलेल्या साखळीच्या रेषेत कोणी उभे राहू नये. युरोपात प्रवासी घरगाड्यांच्या चाकांना विजेवर फिरणारे छोटे रूळ चिकटवितात आणि मालक दूर उभा राहून बटणाने गाडी कोपऱ्यात बसवितो. बटणावरून बोट उचलले की गाडी थांबते. मला त्या यंत्राचा हाच गुण सर्वांत मोठा वाटतो.

तूर्त प्रत्येक दुकानात चार उट्या असाव्यात. दगड नकोत, दगड फरशीवर घसरतो. बाभळीच्या लाकडाची, चाकाच्या गोलाईस बसेल अशी तिरपी पाचर सुतार एका दिवसात करून देतो. गाडा सरकत असताना दोन माणसे केवळ उट्या घेऊन दोन्ही बाजूंनी चालावीत आणि त्यांनी ढकलण्यास हात लावू नये. प्रत्येक उटीस हातभर दोरी बांधावी, म्हणजे ती ओढून काढताना बोटे चाकाखाली जात नाहीत.