घरगुती दुरुस्तीनंतर इंकजेट प्रिंटरमध्ये उद्भवणारे यांत्रिक बिघाड

इंकजेट प्रिंटर हे शाईचे अतिसूक्ष्म थेंब कागदावर फेकून छपाई करणारे संगणकीय उपकरण होय. घरातील प्रिंटर सहसा वाळलेली शाई काढण्यासाठी, अडकलेला कागद सोडवण्यासाठी किंवा बाहेरून शाईची टाकी जोडण्यासाठी उघडला जातो. मूळ दोष दूर झाला तरी पुन्हा जोडणी केल्यावर त्यात नवे बिघाड दिसू लागतात. चालू करताच खडखडाट होणे, कागद नसतानाही कागद अडकल्याची सूचना येणे, उभ्या रेषा तुटक छापल्या जाणे ही त्यांची नेहमीची लक्षणे आहेत. अशा बिघाडांत भाग तुटलेला क्वचितच असतो. तो आपल्या जागी बसलेला नसतो. त्यामुळे कारण सापडल्यास दुरुस्तीला बहुधा खर्च येत नाही.

रचना

प्रिंटहेड वाहून नेणारी कॅरिज एका धातूच्या दांड्यावर किंवा पत्र्याच्या पट्टीवर डावी-उजवीकडे सरकते. तिला दातेरी पट्ट्याद्वारे मोटर ओढते. दुसरी मोटर रोलर फिरवून कागद पुढे नेते. कॅरिजच्या विश्रांतीच्या जागी, बहुतेक प्रिंटरमध्ये उजव्या टोकाला, प्रिंटहेडवर बसणारे रबरी झाकण, त्याला पुसणारी रबरी पट्टी आणि शाई ओढणारा लहान पंप असतो.

प्रिंटहेडच्या प्रकारावरून दुरुस्तीतील जोखीम ठरते. ह्यूलेट-पॅकार्डच्या १९८४ मधील थिंकजेटपासून रूढ झालेल्या पद्धतीत शाई क्षणभर तापवून थेंब फेकला जातो. अशा अनेक प्रिंटरमध्ये प्रिंटहेड काडतुसाचाच भाग असल्याने काडतूस बदलले की तोही बदलतो. एपसनने १९९३ मध्ये आणलेल्या स्टायलस ८०० व त्यानंतरच्या प्रिंटरमध्ये विजेच्या दाबाने आकार बदलणारा स्फटिकीय घटक शाईला ढकलतो. तेथे प्रिंटहेड कायमस्वरूपी बसवलेला असतो आणि तो निकामी झाल्यास त्याची किंमत अनेकदा नव्या प्रिंटरच्या जवळपास जाते.

एनकोडर पट्टी

दुरुस्तीनंतरच्या तक्रारींत सर्वाधिक दुर्लक्षित राहणारा भाग म्हणजे कॅरिजच्या मागे आडवी ताणलेली पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी. तिच्यावर डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा बारीक काळ्या रेषा असतात. त्यांची संख्या सामान्यतः एका इंचात १५० किंवा १८० असते. कॅरिजवरील प्रकाशसंवेदकाच्या खाचेतून ही पट्टी जाते. संवेदक रेषा मोजून कॅरिज कोठे आहे हे सांगतो, तर एकमेकांपासून पाव आवर्तन मागेपुढे असलेल्या दोन संकेतांवरून ती कोणत्या दिशेने जात आहे हे कळते.

प्रिंटर उघडताना पट्टी खाचेतून निसटली आणि नंतर खाचेच्या बाहेरूनच बसवली गेली, तर मोटर फिरते पण मोजणी होत नाही. कॅरिज वेगाने जाऊन बाजूच्या भिंतीवर आदळते आणि प्रिंटर दोषाची सूचना देऊन थांबतो. पट्टी खाचेत आहे पण तिच्यावर वंगण किंवा शाईचे बोट लागले आहे, अशा वेळी कॅरिज दरवेळी त्याच ठिकाणी अडखळते. ‘त्याच ठिकाणी’ हाच निदानाचा धागा आहे. दांड्यावरील अडथळ्यामुळेही असेच घडू शकते, पण तो वीज बंद करून कॅरिज हाताने सरकवताच जाणवतो. डाग जाणवत नाही. डाग पाण्याने किंचित ओलसर केलेल्या मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसतात. स्पिरिट किंवा थिनर वापरल्यास रेषाच पुसल्या जाण्याचा धोका असतो. पट्टीच्या एका टोकाला असलेली स्प्रिंग परत अडकवली नसेल, तर पट्टी सैल राहते व छपाई हलल्यासारखी दिसते.

कागद ओढणाऱ्या रोलरवरही अशाच रेषांची गोल चकती असते. ती मळली किंवा वाकडी बसली तर छपाईत ठरावीक अंतराने आडवे पट्टे उमटतात. हे पट्टे शाई कमी झाल्याचे समजून अनेक जण प्रिंटहेड वारंवार धुतात. त्यात शाई वाया जाते, दोष मात्र राहतो.

कागदाच्या मार्गातील दोष

कागद नसतानाही तो अडकल्याची सूचना येत असेल, तर कागदाने ढकलला जाणारा छोटा प्लॅस्टिकचा खटका पाहावा. त्याची केसासारखी बारीक स्प्रिंग जोडणीत सुटली की तो खाली पडून राहतो आणि आत कागद आहे असे प्रिंटरला वाटते. कागद तिरका जात असल्यास बहुधा आत सुटा स्क्रू, पिन किंवा कागदाचा कपटा राहिलेला असतो. गुळगुळीत झालेला रबरी रोलर ओल्या कापडाने पुसल्यास पुन्हा पकड घेतो. पेट्रोल किंवा थिनरने रबर खराब होते.

पट्टा, वंगण आणि नळ्या

दातेरी पट्टा कप्पीवर नीट बसला नसेल किंवा ताण देणारी स्प्रिंग सुटली असेल, तर दिशा बदलताना कट्कट् आवाज येतो. मूळ वंगण पुसून दांड्यावर गंज काढण्याचा फवारा मारणे ही सर्रास होणारी चूक आहे. फवारा काही दिवसांत उडून जातो, शिवाय त्याचे तुषार एनकोडर पट्टीवर बसतात.

भारतात बाहेरील शाईटाकी जोडून घेण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर रूढ झाली. तिच्या नळ्या आखूड असतील तर कॅरिज टोकाला पोहोचण्याआधीच ओढली जाते. लांब असतील तर झाकणात अडकतात. कॅरिज हाताने दोन्ही टोकांपर्यंत नेऊन नळ्यांची लांबी ठरवावी.

झाकण व चपटी तार

रबरी झाकणाखालील स्प्रिंग वाकडी बसल्यास प्रिंटहेड हवाबंद होत नाही आणि शाई पुन्हा वाळते. ‘साफ केल्यावर दोन दिवस चालला, मग बंद पडला’ या तक्रारीमागे बहुधा हेच असते. प्रिंटर त्याच्या बटणाने बंद न करता थेट विजेचा खटका बंद केल्यासही प्रिंटहेड उघडा राहू शकतो.

प्रिंटहेडला जाणारी चपटी तार तिरकी बसणे हा मात्र भरून न येणारा दोष ठरू शकतो. तिरक्या तारेत शेजारचे संपर्क एकमेकांना भिडतात, आणि तारेवर शाईचा ओलावा असेल तरीही तसेच घडते. यात कायमस्वरूपी प्रिंटहेड व त्याला वीज देणारे परिपथ दोन्ही जळू शकतात. म्हणून तार काढण्या-बसवण्यापूर्वी प्लग काढून काही वेळ थांबतात, टोके कोरडी करतात आणि तार खाचेत सरळ रेषेत गेली आहे याची खात्री केल्यावरच वीज जोडतात.

तपासणीचा क्रम

वीज जोडण्यापूर्वी कॅरिज हाताने सावकाश सरकवून पाहावी. काही प्रिंटरमध्ये ती विश्रांतीच्या जागी अडकवलेली असते, तिला जोर लावू नये. चालू केल्यावर प्रिंटर एका ठरलेल्या क्रमाने हालचाली करतो: कॅरिज सुटते, टोकापर्यंत जाऊन परत येते, रोलर फिरतात, पंप चालतो. तो कोणत्या पायरीवर थांबला यावरून दोषाची जागा कळते. कॅरिज हललीच नाही तर अटकाव, मोटरची तार किंवा पट्टा पाहावा. आदळली तर एनकोडर पट्टी. परत येऊन थांबली तर रोलर किंवा पंपाची दंतचक्रे. उघडताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घेतले असेल आणि स्क्रू त्यांच्या जागेप्रमाणे वेगळे ठेवले असतील, तर हे काम बरेच सोपे होते. जोडणीनंतर स्क्रू उरला असेल तर त्याची जागा सापडेपर्यंत प्रिंटर चालू करू नये.