छोट्या टँकसाठी रंगीत सिक्लिड निवडताना: आधी पाणी बघा, जागा बघा, मग रंग

ईदच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रंगीत माशांच्या दुकानात गेलात, तर ईदी मुठीत घट्ट धरलेली मुलं हमखास दिसतात. आमच्या घरात मासे आले ते असेच. मुलांनी ईदीचे पैसे एकत्र केले, दोन फुटांचा टँक घेतला आणि दुकानदाराने 'मिक्स आफ्रिकन' म्हणून आठ मासे पिशवीत भरून दिले. दोन पिवळे, तीन निळे, दोन केशरी, एक पट्ट्यापट्ट्यांचा. सगळे बोटाएवढे. पहिला आठवडा घरात दुसरा विषयच नव्हता.

चार महिन्यांनी टँकमध्ये दोनच मासे उरले. एक निळा, धष्टपुष्ट, आख्ख्या टँकचा मालक झालेला. दुसरा पिवळा, शेपटी फाटलेली, फिल्टरच्या मागे लपून बसणारा. "अब्बा, हा सगळ्यांना का मारतो?" या प्रश्नाचं उत्तर तेव्हा आमच्याकडे नव्हतं. ते शोधताना कळलं की दोष निळ्याचा नव्हताच. चुकीचा मासा चुकीच्या घरात आम्हीच आणला होता. तुमच्या घरात तसं होऊ नये, म्हणून हा लेख.

सिक्लिड म्हणजे नेमका कोण?

सिक्लिड हे एका माशाचं नाव नाही, मोठ्या कुळाचं नाव आहे. या कुळात १६०० हून अधिक जाती आहेत. बहुतेक आफ्रिका आणि दक्षिण व मध्य अमेरिकेतल्या. दुकानात दिसणारे एंजल, ऑस्कर, डिस्कस, फ्लॉवरहॉर्न, पॅरट हे सगळे याच कुळातले. आपल्या ओळखीचेही काही आहेत. बाजारात स्वस्त मिळणारी चिलापी, म्हणजे तिलापिया, सिक्लिडच. तो मूळचा आफ्रिकेतला, १९५२ मध्ये भारतात आणला गेला. कोकण-गोव्याच्या खाड्यांतला कालुंदर मात्र अस्सल इथला सिक्लिड. केरळात त्यालाच करीमीन म्हणतात.

या कुळाची दोन वैशिष्ट्यं लक्षात ठेवा. पहिलं, हे मासे हुशार असतात. अंडी-पिल्लं जिवापाड सांभाळतात, खायला घालणाऱ्या माणसाला ओळखू लागतात. दुसरं, पिल्लं सांभाळायची म्हणून जागा राखतात आणि जागेसाठी भांडतात. पहिल्या गुणासाठी लोक सिक्लिड घेतात, दुसऱ्याचा हिशोब करत नाहीत.

आमचा निळा का मारत होता?

'मिक्स आफ्रिकन' म्हणून विकले जाणारे बरेचसे मासे मलावी सरोवरातल्या जातींचे असतात. त्यांच्यातल्या एका मोठ्या गटाला 'एमबुना' म्हणतात. तिथल्या टोंगा भाषेत या शब्दाचा अर्थ खडकातला मासा. खडकावरचं शेवाळ खरवडून खायचं आणि आपल्या वाट्याचा खडक राखायचा, हे त्यांचं आयुष्य. दुसरा नर आला की हाकलायचा. सरोवरात हरलेला मासा पळून जातो, दोन-चार हात लांब गेला की भांडण मिटतं. दोन फुटांच्या काचेत पळणार कुठे? मारणाऱ्याच्या नजरेसमोर तो चोवीस तास राहतो. त्याचं खाणं सुटतं, अंग खचतं आणि एके सकाळी तो तळाशी पडलेला सापडतो.

अनुभवी लोक एमबुना चार फुटांच्या किंवा त्याहून मोठ्या टँकमध्ये, भरपूर दगड रचून आणि संख्येने जास्त ठेवतात, म्हणजे मार एकावरच पडत नाही. ही युक्ती छोट्या टँकमध्ये चालत नाही, कारण तेवढ्या माशांची घाण तेवढं पाणी पेलू शकत नाही. पिवळाधमक 'इलेक्ट्रिक यलो' त्यातल्या त्यात शांत, पण त्यालाही दोन फूट कमीच.

छोटा टँक म्हणजे किती लिटर?

लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि २८ ने गुणा. २ × १ × १ फुटांचा टँक ५६ लिटरचा होतो. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली की पाणी उरतं ४५-५० लिटर. सिक्लिडसाठी उंचीपेक्षा तळाची जागा महत्त्वाची, कारण हे मासे तळाचीच वाटणी करतात. म्हणून उंच, अरुंद किंवा गोल भांड्यापेक्षा लांबट टँक घ्या.

आणखी एक गोष्ट. पाणी, वाळू, काच धरून हा टँक ७० किलोच्या आसपास जातो. टीव्हीच्या शोकेसवर किंवा भिंतीच्या फळीवर ठेवू नका. मजबूत, सपाट स्टँड हवा, आणि थेट ऊन लागणार नाही अशी जागा हवी.

आधी आपलं पाणी ओळखा

जड पाण्याची पारख घरातल्या बायकांना आधीच असते. साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, बादलीला आणि गिझरला पांढरा थर धरतो, तर पाणी जड आहे. मराठवाडा, विदर्भातल्या बऱ्याच बोअरवेलचं पाणी असं असतं. मुंबईत तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांचं पाणी येतं, ते साधारण मऊ. दुकानात पाणी तपासायचं थेंबांचं किट मिळतं. पहिली खरेदी तीच करा.

हे महत्त्वाचं का? दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचे मासे मऊ, किंचित आम्ल पाण्यातले. आफ्रिकेच्या मोठ्या सरोवरांतले मासे जड, अल्कधर्मी पाण्यातले. पावडरी टाकून पाणी बदलत बसण्यापेक्षा आपल्या पाण्याला मानवणारा मासा निवडणं सोपं, स्वस्त आणि माशासाठीही बरं.

दोन फुटांच्या टँकला शोभतील असे सिक्लिड

छोटा टँक म्हणजे फिके मासे असं नाही. बुटके सिक्लिड रंगात कुणालाही हार जात नाहीत.

क्रिबेन्सिस: नवशिक्यांसाठी आमची पहिली शिफारस. मूळचा नायजेरिया आणि कॅमेरूनच्या नद्यांतला. नर १० सेंटीमीटरपर्यंत, मादी थोडी लहान. इथे गंमत अशी की मादी जास्त देखणी, अंडी घालायच्या दिवसांत तिचं पोट चेरीसारखं लालबुंद होतं. फार मऊ नाही, फार जड नाही अशा साध्या नळाच्या पाण्यात राहतो. नारळाची अर्धी करवंटी तोंड पाडून पालथी ठेवा, जोडी त्यात घर करते. मग पिल्लांचा थवा मधे आणि आई-बाप दोन बाजूंना, हे दृश्य मुलांना टीव्ही विसरायला लावतं. मात्र एकच जोडी ठेवा. पिल्लं असताना ती शेजाऱ्यांना जवळ येऊ देत नाही.

रॅम: पिवळा, निळा, काळा, लाल, सगळे रंग ६-७ सेंटीमीटरच्या अंगावर. सोनेरी आणि गर्द निळा हे प्रकारही मिळतात. व्हेनेझुएला, कोलंबियाच्या ओरिनोको खोऱ्यातला हा मासा. मऊ पाणी आणि २७ ते ३० अंश तापमान त्याला आवडतं, म्हणजे मुंबई-कोकणचं हवामान त्याला बरं पडतं. पण नाजूक आहे. नव्या टँकमध्ये सोडू नका, दोन-तीन महिने टँक नीट चालल्यावरच आणा. आयुष्य दोन-तीन वर्षांचं, हेही मुलांना आधीच सांगून ठेवा.

कॉकाटू एपिस्टो: अमेझॉन खोऱ्याच्या पश्चिम भागातला. नराच्या पाठीवरचा पर काकाकुव्याच्या तुऱ्यासारखा, शेपटीवर लाल-केशरी ठिपके. नर ८ सेंटीमीटर, मादी ५. एका नराबरोबर एक-दोन माद्या ठेवा, प्रत्येकीसाठी वेगळी गुहा करा. दोन नर मात्र एकत्र नकोत. एपिस्टोंमध्ये हा त्यातल्या त्यात काटक, थोडं जड पाणीही चालवून घेतो.

मल्टी: बोअरचं जड पाणी असेल तर हा पर्याय बघा. टांगानिका सरोवरातला, जेमतेम ४-५ सेंटीमीटरचा, जगातल्या सर्वांत लहान सिक्लिडपैकी एक. रिकाम्या शंखात राहतो. रंग साधे, करड्या पट्ट्यांचे, पण स्वभाव भारी. तोंडाने वाळू उपसून शंखाभोवती खड्डे खणतो, शेजाऱ्याशी हद्दीवरून हुज्जत घालतो. बारीक वाळू आणि मोठ्या गोगलगायींचे उकळून स्वच्छ केलेले रिकामे शंख दिले की ५-६ मासे गुण्यागोविंदाने राहतात. प्रत्येक दुकानात मिळत नाही, सांगून मागवावा लागतो.

यातला कोणताही एकच प्रकार निवडा. 'एक जोडी क्रिबेन्सिस, एक जोडी रॅम आणि दोन एपिस्टो' असा बेत केलात, तर पुन्हा तीच लढाई. पहिल्या तिघांपैकी कुणाबरोबरही वरच्या पाण्यात फिरणारे ६-८ टेट्रासारखे छोटे मासे चालतात. त्यांना बेधडक फिरताना पाहून सिक्लिडही लपत नाहीत. मल्टींना मात्र त्यांचं त्यांचंच राहू द्या.

हे मासे दुकानातच राहू द्या

ऑस्कर: पिल्लू गोजिरवाणं दिसतं, पण ते ३० सेंटीमीटरचं होतं. दोन फुटांत त्याला वळताही येत नाही.

फ्लॉवरहॉर्न: निसर्गातला नव्हे, १९९० च्या दशकात मलेशियात संकरातून तयार झालेला मासा. हाही फूटभर होतो आणि कुणालाच सोबत सहन करत नाही. 'घरात आला की नशीब उघडतं' असं सांगून तो महाग विकला जातो. नशीब विकणाऱ्याचं उघडतं, एवढं नक्की.

एंजल: शांत वाटतो, पण परांसकट त्याची उंची २० सेंटीमीटरच्या वर जाते. त्याला दीड-दोन फूट उंच टँक हवा.

ज्युएल आणि कन्व्हिक्ट: आकार बेताचा, रंग सुंदर, पण जोडी जमली की टँकमधल्या बाकी सगळ्यांचं जगणं मुश्कील.

रंगाचा धोका

काही माशांची पिल्लं मुळात फिकी असतात, वय झाल्यावर रंग येतो. मलावीचे 'पीकॉक' असेच. ती लवकर विकली जावीत म्हणून काही ठिकाणी हार्मोन देऊन रंग आणतात. घरी आणल्यावर काही आठवड्यांत तो उतरतो. दोन-अडीच इंचांचे सगळेच मासे, नर-मादी सकट, सारखेच भडक दिसले तर शंका घ्या. काही माशांना, विशेषतः पॅरटना, सुईने किंवा रसायनाने रंग भरतात. जांभळा, हिरवा, गुलाबी असा निऑन रंगाचा पॅरट दिसला तर तो अल्लाहने दिलेला रंग नव्हे, माणसाने त्या मुक्या जिवाला त्रास देऊन चढवलेला आहे. असा मासा घेऊच नका. मागणी थांबली की धंदाही थांबेल.

विकत घेताना चार गोष्टी बघा. मासा श्वास घेताना धापा टाकतोय का? पोट आत गेलंय का? विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी आहे का? पर अंगाला चिकटवून कोपऱ्यात बसलाय का? दुकानदाराला समोर खाद्य टाकायला सांगा. जो खाण्यावर झेपावतो, तो घ्या.

मासा सर्वांत शेवटी

टँक, पाणी आणि मासे एकाच दिवशी आणणं ही आमची दुसरी मोठी चूक होती. माशांच्या अंगातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, तो त्यांच्यासाठी विष आहे. फिल्टरमध्ये वाढणारे सूक्ष्म जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. हे जीवाणू वाढायला तीन ते सहा आठवडे लागतात. तोवर फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर खाद्य टाका, म्हणजे जीवाणूंना खुराक मिळतो. किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसले की मगच मासे आणा. ओळखीच्या घरातल्या जुन्या टँकचा फिल्टर-स्पंज मिळाला, तर काम लवकर होतं.

पुढची निगा सोपी आहे. आठवड्याला पाव भाग पाणी बदला, सगळं कधीच नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला दुकानात मिळणारे थेंब वापरा. फिल्टरचा स्पंज नळाखाली नव्हे, टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळा, नाहीतर ते जीवाणू मरतात. खाद्य दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. लग्नाला किंवा गावी तीन-चार दिवस गेलात तर मोठे मासे उपाशी मरत नाहीत. पण शेजारच्या मुलाने एकदम डबा रिकामा केला, तर मात्र नक्की मरतात.

आणि कधी सांभाळणं जमेनासं झालं, तर मासा नदी-तलावात सोडून 'सुटका केली' असं समजू नका. एकतर तो मरतो, नाहीतर तिथल्या माशांच्या मुळावर उठतो. चिलापीने आपल्या कितीतरी तलावांत काय केलं, ते कोळी बांधवांना विचारा. त्यापेक्षा दुकानात परत द्या किंवा मोठा टँक असलेल्या घरी द्या.

आम्ही तेच केलं. तो निळा ओळखीच्या एका घरातल्या पाच फुटी टँकमध्ये गेला. तिथे तो अनेकांतला एक आहे आणि कुणाला मारत नाही. शेपटी फाटलेला पिवळाही त्याच्यासोबत गेला, आता त्याची शेपटी भरून आली आहे. आमच्या दोन फुटांत आता क्रिबेन्सिसची एक जोडी आहे. करवंटीच्या तोंडाशी मादी पहाऱ्याला बसली की मुलं दबक्या आवाजात बोलतात. यंदाच्या ईदीतून त्यांनी नवा मासा मागितला नाही. पाणी तपासायचं किट संपत आलं होतं, ते मागितलं.