संकोच जपावा, तपासणी अपुरी राहू नये

त्वचारोगतज्ज्ञ ‘सगळे अंग पाहावे लागेल’ असे म्हणाले की घरातील वडीलधारी मंडळी अवघडतात. मग हातावरचा एखादा डाग तेवढा दाखवून ती परततात. हा संकोच स्वाभाविक आहे. मात्र त्यापायी झाकलेलीच जागा पाहायची राहून जाते, आणि धोका कित्येकदा तेथेच असतो.

सावळ्या वर्णाच्या लोकांत मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग विरळा. पण झालाच तर पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. भाजल्याचा जुना व्रण आणि वर्षानुवर्षे न भरणारी जखम यांतूनही कर्करोग उद्भवू शकतो. धोतर जेथे घट्ट आवळले जाते, त्या कमरेवरच्या कर्करोगाची नोंद मुंबईचे डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ मध्ये केली होती. परकराच्या नाडीखालीही तो क्वचित आढळला आहे.

तपासणीस जाताना सैल, पुढून उघडणारे कपडे घालावेत. नखांचा रंग आदल्या दिवशी काढावा. हातापायांवर मेंदी नसावी. नवे किंवा बदललेले डाग कागदावर टिपून न्यावेत.

सारे कपडे एकाच वेळी उतरवण्याची गरज नसते. ‘एकेक भाग उघडून पाहा, बाकीचे अंग चादरीने झाकलेले राहू द्या,’ असे डॉक्टरांना निःसंकोच सांगावे. स्त्री-डॉक्टर किंवा परिचारिका हवी असल्यास वेळ ठरवतानाच विचारावे. थंडी वाजत असेल तर पंखा बंद करण्यास सांगावे. उभे राहणे जड जात असेल तर बसून किंवा कुशीवर निजूनही तपासणी होते. डर्मोस्कोप या भिंगातून पाहताना दुखत नाही.

सोबत जाणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. आपण आत थांबावे की पडद्याबाहेर, हे घरून निघण्यापूर्वीच त्यांना एकांतात विचारावे. मुलासमोर आईला जे जड जाते, ते परक्या परिचारिकेसमोर कदाचित जाणार नाही. ज्यांना विस्मरणाचा त्रास आहे, त्यांना प्रत्येक वेळी स्पर्शापूर्वी दोन शब्द सांगावेत.

आणि निघण्यापूर्वी बोटांच्या बेचक्या, तळपाय, कानांमागची जागा, कंबर व स्तनांखालच्या घड्या पाहून झाल्या का, हे नम्रपणे विचारावे. महिनाभरात न भरलेली जखम किंवा आकार, रंग बदलणारा डाग असेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता तो लगेच दाखवावा.